थांबते का ते बोला

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत नवी गाडी आली की तिच्या मालकाला दोन परीक्षा द्याव्या लागत. पहिली पार्किंगची, ती सेक्रेटरी घेत. दुसरी सकपाळबाईंची, आणि तिच्यात भलेभले गार होत. गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला की बाई पेढा हातात घेत, पण तोंडात टाकत नसत. मालक उत्साहाने सांगायचा, सनरूफ आहे, एअरबॅग आहेत, एक्स्प्रेसवेवर नुसती उडते. बाई सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "ते असू दे हो. थांबते का ते बोला."

मालकाला वाटायचं, चेष्टा चाललीय. तो हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्याला त्याच्याच गाडीत घालून त्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊन जात, आणि परत येईपर्यंत पेढा त्यांच्या मुठीत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी चांगली लांबरुंद गाडी घेतली होती. बाईंनी "दाबा आता" म्हटल्यावर त्यांनी घाबरून क्लचच दाबला. खाली उतरल्यावर बाईंनी पेढा बॉक्समध्ये परत ठेवला आणि म्हणाल्या, "आधी शिका, मग खाईन." कुलकर्णी बरेच दिवस बाईंना पाहिलं की जिन्याने जायचे.

शालिनी सकपाळ. माझ्या शेजारच्या दारावर पाटी होती. मूळ गाव महाडच्या बाजूचं. सगळी नोकरी आयटीआयमध्ये, मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात गेली. उंच, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या केसांचा बॉबकट, कॉटनची साडी घोट्याच्या वर आणि पायात स्पोर्ट्स शूज. आवाज असा की त्या चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी भाव करत आणि तळमजल्यावरचे लोक भाजी घेऊन टाकत. हॉलमध्ये बुद्धाची शांत मूर्ती होती, आणि शेजारी काचेच्या कपाटात ब्रेकचा एक सिलिंडर उभा चिरून, पॉलिश करून ठेवलेला होता. आलेले पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजून "छान आहे, कुठून आणलं?" असं विचारत, आणि मग त्यांना तासभर उठता येत नसे.

मी कळंबोलीला, लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करते. म्हणजे दिवसभर ट्रकच बघते. पण ट्रककडे बघायचं कसं, ते मला बाईंनी शिकवलं. संध्याकाळी स्टॉपवर भेटल्या की त्या उभ्या असलेल्या गाड्यांच्या चाकांशी वाकून वास घेत. मला आधी लाज वाटायची. "जळका वास येतोय बघ," त्या म्हणत, "हा घाट उतरून आलाय आणि सगळा वेळ पाय ब्रेकवर ठेवून आलाय." मग त्या ड्रायव्हरला शोधून काढत, झापत, आणि शेवटी त्याला चहा पाजत. याउलट एखादा भरलेला ट्रेलर सिग्नलला अलगद, रेषेवर, धक्का न खाता थांबला की बाई फुटपाथवर उभ्या राहून टाळ्या वाजवत. ड्रायव्हर बिचारा मागेपुढे बघे, की कुणाचा वाढदिवस आहे. मी म्हणायची, "बाई, लोक बघतात." त्या म्हणत, "बघू दे की. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेबाहेर गेला की वाजवतातच ना? मग हा एवढा सीमेच्या आत राहिला त्याला नको वाजवायला?"

आज बाई नाहीत. गेल्या वर्षी चिपळूणला लेकीकडे गेल्या, आणि तिथे आजारपणातच गेल्या. पण मला त्या आजारी दिसतच नाहीत. मला दिसतात त्या हरेशच्या ट्रकपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या.

हरेश हा बाईंचा जुना विद्यार्थी. करावे गावातला, तिशी उलटलेला, अंगाने पैलवान आणि मनाने हळवा. त्याची आई हिराबाई आयुष्यभर मासळी विकत आली. तिच्या हातच्या कालवणाचं वेड सगळ्या सीवूड्सला होतं, म्हणून हरेशने ठरवलं की आईचं हॉटेल काढायचं, आणि तेही चाकांवर. एक जुना छोटा ट्रक घेतला आणि मग त्याच्या अंगात आलं. मागची बॉडी लांब केली. स्टीलचं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, बर्फाची पेटी, जनरेटर, गॅस, सगळं चढवलं. एवढं ओढायला जुनं इंजिन पुरेना, म्हणून मोठ्या गाडीचं बसवलं. गाडी रुबाबदार दिसेना, म्हणून उंच आणि रुंद टायर घातले. दोन्ही बाजूंना होड्या रंगवल्या. कागदपत्रांसाठी खेटे घातले, ते वेगळेच. ट्रक तयार झाल्यावर त्याने मॅडमना बघायला बोलावलं, आणि बाईंनी मला स्कूटर काढायला लावली.

ट्रक खरंच देखणा होता. मी तर बघतच राहिले. हरेश पुढच्या चाकापाशी गेला आणि नवरीचा पदर बाजूला करावा तसं वरचं फडकं काढलं. आत लालभडक रंगाचे डिस्क ब्रेक, चकत्यांना नक्षीसारखी भोकं.

"रेसिंगवाले हायत मॅडम. भायेरून मागवले. कसे वाटतान?"

बाई खाली बसल्या. मागच्या चाकांकडे गेल्या. केबिनमध्ये चढून पेडल दाबून आल्या. मग म्हणाल्या, "दागिने छान आहेत. ब्रेक कुठे आहेत?"

हरेशचा चेहरा पडला. बाई मात्र खुलल्या होत्या. शिकवायला मिळालं की त्यांच्या अंगात वीज यायची. "हे बघ. पुढे तू पैलवान बसवलेस आणि मागे ट्रकचे जन्मापासूनचे म्हातारे तसेच ठेवलेस. आणि या दोघांना हुकूम देणारा सिलिंडर? तोही जुनाच, एवढासा. या मोठ्या ब्रेकला भरपूर तेल लागतं. तो एवढं तेल पाठवणार कुठून? पेडल तळाला टेकेल तेव्हा कुठे गाडीला कळेल की थांबायचं होतं. वर चाकं मोठी केलीस. चाक जेवढं मोठं, तेवढं ते अडवायला जोर जास्त. इंजिन वाढवलंस, वजन वाढवलंस, चाक वाढवलंस. थांबणं तेवढं रंगवलंस."

"पन मॅडम, गावातल्या रोडवं चालते की. थांबते."

"गावात थांबते. पारसिकच्या उतारावर?"

इथेच खरी अडचण होती. हरेशने पहिलं काम घेतलं होतं ते बेलापूरच्या पारसिक हिलवरच्या एका सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचं. चढ उभा, उतार त्याहून उभा, मध्ये वळणं. आणि केबिनमध्ये शेजारी बसणार होती हिराबाई, कारण मसाला ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. संमेलन येत्या रविवारी होतं. हरेश म्हणाला, "येवढा एक प्रोग्राम होव दे, मग बदलतो." बाई म्हणाल्या, "बदल, मग जा." दोघेही हट्टी. त्या दिवशी बाई तावातावाने घरी आल्या आणि रात्री जेवल्या नाहीत, हे मला त्यांच्या कुकरच्या न झालेल्या शिट्टीवरून कळलं.

रविवारी सकाळी मी पोहे करत होते तेव्हा बाईंचा फोन आला. "वैशाली, मी करावेला आहे. छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन ये." मी पोचले तर गल्लीत ही गर्दी. ट्रक सामानाने भरलेला, इंजिन चालू, आणि बंपरच्या पुढ्यात लाल प्लास्टिकच्या खुर्चीत सकपाळबाई. खुर्ची शेजारच्या घरातूनच मागून घेतलेली. मांडीवर पेपर, त्यातलं शब्दकोडं सोडवत होत्या.

"मॅडम, उठा ना," हरेश काकुळतीला आला होता. "लोकांना जेवान द्यायचाय. तोंड दाखवाला जागा नाय रानार."

"तू टेम्पो बोलाव. भांडी टेम्पोने जाऊ दे, आईला रिक्षाने ने. हा ट्रक इथून हलणार नाही. उभे सात, 'भरतीच्या उलट', तीन अक्षरी. वैशाली, काय असेल?"

"ओहोटी," मी म्हटलं. गर्दीतल्या दोन बायका हसल्या. हरेशला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. शेवटी हिराबाई घराबाहेर आली. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी कासोटा घातलेली, कपाळभर कुंकू. तिने बाईंकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "ही बाय कोन तुझी?"

"माझ्या मॅडम हायत. ब्रेक शिकवलाय आमाना."

"मंग ती शिकलेली बाय उन्हात बसलीय आन तू गाडीत बसलास? उतर खाली." एवढं बोलून ती स्वतःच टोप उतरवू लागली. टेम्पो आला, जेवण वर गेलं, लोकांनी बोटं चाटली. ट्रक तिथेच राहिला. हरेश दोन दिवस बाईंचा फोन उचलत नव्हता. तिसऱ्या दिवशी स्वतःच दारात उभा राहिला, हातात पापलेटं घेऊन.

आयटीआयमधला एक किस्सा त्याने मला त्याच दिवशी सांगितला. पहिल्याच तासाला बाईंनी सगळ्या वर्गाला मैदानात नेलं, तिथल्या जुन्या जीपला धक्का मारायला लावला, आणि ती पळायला लागल्यावर ओरडल्या, "आता थांबवा." मुलं चपला घासत तिच्याबरोबर फरफटत गेली. कुणी बंपरला लोंबकळलं, कुणी पडलं. जीप कुंपणाच्या मऊ मातीत जाऊन आपोआप थांबली. बाईंनी मुलांना उभं केलं आणि म्हणाल्या, "हातांना आत्ता जे कळलं ते विसरू नका. बाकी सगळं पुस्तकात आहे." हरेश म्हणाला, "मना तवाचं आठवतंय सगलं. पन लाल रंग बघला आन इसरलो."

मग बाईंनी कामाला हात घातला. त्यांची पद्धत ठरलेली. ब्रेक कोणते घ्यायचे हे दुकानात ठरत नाही, वजनकाट्यावर ठरतं. गाडी जशी रस्त्यावर जाणार तशीच भरून काट्यावर न्यायची. आधी फक्त पुढची चाकं चढवायची, मग मागची, मग सगळी. कोणत्या चाकांवर किती भार आहे हे कळलं की मगच पुढचं बोलायचं. कळंबोलीच्या काट्यावर ओळखीने सोय करायचं काम माझ्याकडे आलं.

हरेश वेळेवर ट्रक घेऊन आला. आकडे आले. बाईंनी पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग ट्रकच्या मागे जाऊन दार उघडलं. पाण्याची टाकी रिकामी. बर्फ नाही. गॅस नाही, टोप नाही, जनरेटरसुद्धा उतरवून ठेवलेला. स्टेपनीही गायब.

झालं असं होतं की हरेश वाढला तो ट्रकवाल्यांच्या संगतीत. आमच्या लोखंड बाजारात काट्यावर जाताना जो तो वजन कमी दाखवायच्या मागे. क्लीनर उतरतो, डिझेल कमी ठेवतात, ताडपत्रीसुद्धा बाजूला टाकतात. काटा म्हटला की हलकं व्हायचं, हे त्याच्या हाडामासात भिनलेलं. त्याने कुणालाही न विचारता, मोठ्या अभिमानाने ट्रक हलका करून आणला होता.

बाई डोक्याला हात लावून हसत सुटल्या. "अरे, काट्याला फसवून कुणाला फसवतोस? उताराला? डॉक्टरकडे जाताना ताप घरी ठेवून जातात का? जा, सगळं भरून आण. पाणी काठोकाठ. आणि आई कुठे आहे?"

"आई कशाला?"

"ती गाडीत बसणार ना? मग आण तिला."

दुपारी ट्रक भरून आला. टोप, तांदूळ, बर्फ, आणि केबिनमध्ये हिराबाई. पण काटा बघितल्यावर ती खाली उतरून बाजूला उभी राहिली. "मी नाय बसनार. मी काय म्हावरा हाय काट्यावं ठेवाला? आन आमी म्हावरापन वाट्यावं इकतो. जल्मात काटा धरला नाय." तिथले हमाल, ड्रायव्हर सगळे मजा बघायला जमलेले. हिराबाईचे गाल लाल झाले. मला तिचं अगदी पटलं. मी तरी चारचौघांत काट्यावर उभी राहिले असते का?

बाईंनी काय करावं? साडी खोचली, एकट्याच काट्याच्या लोखंडी फळीवर मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीतल्या माणसाला ओरडून म्हणाल्या, "माझं सांग रे किती." तो म्हणाला, "बाई, हा ट्रकचा काटा आहे, एका माणसाचं बरोबर दाखवत नाही." "मग अंदाजे सांग, पण जोरात सांग." त्याने सांगितलं. आकडा भरभक्कम होता. सगळा बाजार हसला आणि बाई सर्वांत जास्त हसल्या. "हिराबाई, या आता. माझ्यापेक्षा तर कमीच भराल." हिराबाईने पदर तोंडाला लावला, आणि हसत हसत केबिनमध्ये चढली. नवा आकडा आला तेव्हा हरेशचं हसू मावळलं. फरक जवळजवळ टनाचा होता आणि बहुतेक सगळा मागच्या चाकांवर.

"बघ," बाई म्हणाल्या, "एवढं सगळं तुझ्या पाठीमागून तुला ढकलणार होतं."

ब्रेकची निवड त्यानंतर सोपी झाली. बाईंचं म्हणणं एकच. तुझ्या भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त वजन वाहणारी, त्याच कंपनीची गाडी शोध. तिचे पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक, सिलिंडर, बूस्टर, हँडब्रेक, सगळं एकाच गाडीचं घे. कारखान्यात त्यांचं आपसात जुळवून दिलेलं असतं, ते तोडू नकोस. जे झिजतं, गळतं, फुगतं ते सगळं नवंकोरं. हरेशने हळूच विचारलं, "मॅडम, लाल रंग तरी मारू?" बाई म्हणाल्या, "मार. वर होडी पण काढ. थांबल्यावर शोभून दिसेल."

नवे ब्रेक बसले, ट्रकला रीतसर मंजुरी मिळाली, तरी बाईंचं समाधान होईना. उलव्याच्या बाजूला एक लांब, रुंद, मोकळा रस्ता आहे. तिथे सकाळी सकाळी पाणी भरून, टोप भरून चाचण्या सुरू झाल्या. आधी हळू, मग जरा जोरात, मग आणखी. दर वेळी थांबल्यावर बाई उतरत आणि प्रत्येक चाकाशी जाऊन पालथा हात धरत, आई पोराचा ताप बघते तसा. एकदा मागच्या डाव्या चाकाशी थबकल्या. "हे थंड आहे."

हरेश म्हणाला, "थंड हाय ते बराच की."

"तिघं घाम गाळतायत आणि हा चौथा सोसायटीच्या मीटिंगमधल्या मेंबरसारखा बसलाय. खोल." चाक खोललं. आतला एक स्क्रू अडकला होता आणि ब्रेक घासतच नव्हता. ते नीट केलं, पुन्हा पळवलं, पुन्हा थांबवलं. चारही बाजू सारख्या तापल्या तेव्हा बाईंनी रस्त्यावरच हरेशला मिठी मारली. इतका आनंद त्यांना लेकीच्या लग्नातही झाला नसेल, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "लग्नात टेन्शन होतं गं," त्या म्हणाल्या.

पारसिकवरच्या त्या सोसायटीने पुन्हा बोलावलं, कारण पहिल्या वेळचं कालवण कुणी विसरलं नव्हतं. या खेपेला ट्रक वर गेला. जेवणं झाली. दुपारी उतरायची वेळ आली तेव्हा केबिनमध्ये हरेश, मध्ये हिराबाई, कडेला बाई. मी माझ्या स्कूटरवर मागे. निघताना बाई खिडकीतून ओरडल्या, "वैशाली, लांब राहा मागे. ही गाडी आता थांबते."

हरेश खालच्या गिअरमध्ये, सावकाश, शिकवल्यासारखा उतरत होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणापलीकडे एका बंगल्याच्या फाटकातून पाण्याचा टँकर उलटा बाहेर येत होता. त्याला रस्ता दाखवणारा माणूस ऐन रस्त्याच्या मध्यभागी, वरून येणाऱ्या ट्रककडे पाठ करून उभा. हात हलवत होता, "येव द्या, येव द्या." टँकरच्या आवाजात त्याला मागचं काही ऐकू येत नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की ट्रकचे मागचे लाल दिवे लागले, ट्रकने नाक खाली घातलं आणि सरळ, जरासुद्धा न वाकता, उभा राहिला. टोपांची झाकणं खणखणली. मी स्कूटर कडेला टाकून पळत पुढे गेले.

त्या माणसाच्या पाठीत आणि बंपरमध्ये एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा होती, आणि त्या जागेत बाई उभ्या होत्या. एक हात ट्रकवर, डोळे वाहताहेत आणि तोंडभर हसू. "वैशाली, थांबली गं. खरंच थांबली. इतकी वर्षं नुसती शिकवत होते, फळ्यावर थांबवत होते. आज खरंच थांबायचं होतं आणि थांबली." बाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा आकाशपाळण्यात बसलेल्या मुलीचा असावा, तसा होता.

तो माणूस आता वळला. नाकाशी आलेला ट्रक आणि रडत हसणारी बाई बघून गांगरला. बाईंनी त्याचा हात धरून जोरजोरात हलवला.

"कुठे राहता हो तुम्ही? घरी कोण कोण आहे?"

"तळोज्याला राहतो. बायको हाय, दोन पोरी हायत. काय झालं बाई?"

"काही नाही झालं," बाई म्हणाल्या, आणि त्याचा हात न सोडता केबिनकडे वळल्या. हरेश अजून स्टिअरिंग धरून बसला होता, पाय ब्रेकवर तसाच.

"हरेश, ऐकलंस? बायको आणि दोन पोरी."